चादरीचं दुसरं टोक

रिटायर झाल्यापासून मला एक प्रश्न फार विचारतात. लग्नात, हळदीकुंकवात, कधी तर भाजी घेता घेता सुद्धा. "इतकी वर्षं सिस्टर म्हणून काढली, तेही लहान पोरांच्या वॉर्डात, मग देवावर विश्वास कसा काय राहिला गं तुझा?" काहीजणी असं विचारतात की जणू तो विश्वास म्हणजे माझी मोठी कमाई आहे, आणि काहीजणींच्या आवाजात असं असतं की बिचारी, एवढं पाहूनही हिचे डोळे उघडले नाहीत. दोघींनाही मी हसून वाटेला लावते, कारण भाजीच्या ठेल्यावर उभं राहून सांगण्यासारखं हे नाही. म्हणून इथं लिहून राहिली. लांबेल जरा, चहा घेऊनच बसा.

आधी माझा लहानपणचा देव सांगते. माझं माहेर काटोलकडचं, संत्र्याचं. आमच्या घरी देवाशी सरळ व्यवहार असायचा. बहार धरला की बाबा अडाशाच्या गणपतीला नवस बोलायचे, माल नीट उतरला की फेडायचे, आणि मधल्या काळात आभाळाकडे पाहत बसायचे. संत्र्याचे बहार दोन, मृग नि आंबिया. एका वर्षी मृगाचा माल तोडणीला आला होता, आंबियाची फुलं झाडावर होती, आणि दुपारून गारा पडल्या. अर्ध्या तासात दोन्ही बहार जमिनीवर. मी आईला विचारलं, नवस तर बोललो होतो नं? ती म्हणाली, देवाचं काही चुकत नाही, आपलंच काही कमी पडलं असेल. मला ते तेव्हाही पटलं नाही. पण बाबांनी संध्याकाळी रोजच्यासारखा दिवा लावला, हिशेब विचारला नाही की रागावून देव पाण्यात घातले नाहीत, आणि तेही मला तेव्हा कळलं नाही. वाटलं, सवय आहे म्हणून लावून राहिले.

आईचं ते "आपलंच काही कमी पडलं असेल" हे वाक्य मी पुढं वॉर्डात इतक्या बायांच्या तोंडून ऐकलं की विचारू नका. आमच्याकडे सिकलसेलची लेकरं खूप यायची. विदर्भात हा आजार जुना आहे, गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया, यवतमाळ, आणि तिकडून बालाघाट-छिंदवाड्याचीही माणसं नागपूरलाच येतात, कारण त्यांना मोठं शहर म्हणजे नागपूरच. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. रक्तातली लाल पेशी गोल नि लवचिक असते, बारीकातल्या बारीक नळीतून वाकून निघून जाते. या लेकरांची पेशी ऑक्सिजन कमी पडला की विळ्यासारखी वाकडी नि कडक होते आणि जागोजागी अडकते. जिथं अडकली तिथं रक्त पोचत नाही, आणि मग जी कळ उठते नं, हाडात, पाठीत, छातीत, ती मोठ्या माणसालाही सोसत नाही. चांगली पेशी साधारण १२० दिवस जगते, ही १० ते २० दिवसांतच मरते, म्हणून रक्त सदा कमी, डोळे पिवळे. पाणी कमी पडलं, ताप आला, थंडी वाजली, जास्त धावलं की क्रायसिस, म्हणजे तीच कळ एकदम उठते. आता आपल्या नागपूरचा मे महिना डोळ्यासमोर आणा, ४५-४६ डिग्री, आणि त्यात एसटीच्या खिडकीशी बसून सहा-सात तास येणारं लेकरू.

आणि हे येतं कुठून, तर आईबापाकडून, पण दोघंही दिसायला ठणठणीत. दोघंही 'एएस', म्हणजे वाहक. त्यांना काहीच त्रास नाही. पण दर बाळंतपणाला चारात एक शक्यता असते की बाळ 'एसएस', म्हणजे आजारी, निघेल. दर बाळंतपणाला, हे मी मुद्दाम म्हणते, कारण लोकांना वाटतं एक पोर आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली. तसं नसतं.

तर या आया रिपोर्ट हातात घेऊन म्हणायच्या, "आमचंच काई पाप असन बाई." कोणी म्हणायची सासूनं करणी केली. कोणाच्या नवऱ्यानं दुसरी करायची भाषा सुरू केलेली असायची, जणू त्याच्या स्वतःच्या रक्तात काही नाहीच. मी त्यांना बसवून कागदावर चार गोल काढून दाखवायची आणि म्हणायची, अगं पाप नाही, पॅटर्न आहे. अर्धा देवधर्म तर माझा त्या कागदावरच झाला असेल. कोणाच्या डोक्यावरून असं ओझं उतरवलं की मला वाटायचं हीच माझी आरती. पण खरं सांगते, ओझं उतरवून मी टेबलाशी परत यायची आणि माझाच प्रश्न मला चावायचा. पाप नाही ठीक आहे, पण मग तो कुठं आहे?

आमच्या लेकरांच्या मनगटावर पाहिलं असतं तर तो सगळीकडे होता. सलाईनची सुई लावायला हात धरला की आधी दोरे लागायचे. ताजबागेचा, म्हणजे ताजुद्दीन बाबांच्या दर्ग्यातला, हिरवा, कोणत्या तरी देवीचा लाल, काळा तर सगळ्यांकडेच, गळ्यात शेगावच्या अंगाऱ्याची पुडी, आणि एखाद्याच्या उशीखाली क्रॉस. काही सिस्टर कात्रीनं सरळ कापायच्या, चूक नाही म्हणत मी, इन्फेक्शनचा विचार करावाच लागतो. मी मात्र वर कोपरापर्यंत सरकवायची नि मग स्पिरिट लावायची. त्या आईनं कुठं कुठं पायपीट करून तो दोरा आणला असतो. ताजुद्दीन बाबांबद्दल तर नागपूरच्या माणसाला सांगायलाच नको, त्यांना वेडे ठरवून पागलखान्यात ठेवलं होतं आणि लोक तिथं, त्या भिंतींच्या आत दर्शनाला जायचे. मला ही गोष्ट फार आवडते. ज्या जागेला सगळे घाबरतात तिथंच जाऊन बसलेला माणूस.

एक पोरगी होती गडचिरोलीकडची, असेल अकरा-बारा वर्षांची. तिचं नाव-गाव मी लिहीत नाही. वर्षातून तीन-चारदा तरी भरती व्हायची, त्यामुळे वॉर्डातली जुनी माणूस, कोणत्या बेडचा पंखा आवाज करतो हे तिला आमच्याहून जास्त माहीत. दुखणं किती आहे हे विचारायला आमच्याकडे चेहऱ्यांचा तक्ता असतो, शून्याला हसरा आणि दहाला रडका, लेकरानं बोट ठेवायचं. ती कधी त्यावर बोट ठेवायची नाही. म्हणायची, "यातला कोनताच माह्यासारका नाई." एका रात्री तिचं फार वाढलं. डॉक्टरांनी सांगितलेलं इंजेक्शन देऊन झालं, सलाईन चालू, गरम पाण्याची पिशवी दिली, आणि पुढच्या डोसला अजून बराच वेळ. नर्सिंगमधली सगळ्यात वाईट वेळ हीच. करण्यासारखं सगळं केलेलं असतं, आणि दुखणं तिथंच असतं. तिची आई बाहेर व्हरांड्यात धाकट्याला घेऊन झोपली होती, वॉर्ड भरलेला, मी एकटी. मी तिच्याजवळ दोन मिनिटं बसली आणि म्हटलं बाळा मला दुसऱ्यांकडेही जावं लागेल. तर ती दात आवळून म्हणाली, "तुमी बसू नका सिस्टर. पन मले दिसत राहा."

मी तिचा पलंग ओढून असा तिरपा केला की टेबल तिला दिसेल. रात्रभर मी इकडून तिकडे जात होती, आणि जिथं असेन तिथून एकदा मान वर करून तिच्याकडे पाहायची. तिचं दुखणं मी कमी केलं नाही, ते पहाटेच्या डोसनंतर कमी झालं, औषधानं झालं. पण त्या रात्री ती मोठ्यानं रडली नाही.

घरी जाताना सकाळी टेकडी गणपतीला थांबली. नाईट संपली की कधी कधी जायची मी, स्टेशनच्या बाजूनं वर, गर्दी व्हायच्या आत. त्या दिवशी काही मागायचं सुचलंच नाही. आपण आयुष्यभर देवाला म्हणतो ये, हे काढ, ते दे, याला वाचव. आणि ही एवढीशी पोरगी दुखणं काढून टाका म्हणालीच नाही, तिला पाचव्या-सहाव्या भरतीतच कळलं होतं की सिस्टरच्या हातात ते नाही. तिनं जे मागितलं ते माझ्याजवळ होतं. मग मला वाटलं, मी जन्मभर चुकीच्या खिडकीवर रांग लावून उभी होती की काय. (हे वाचून माझा भाऊ म्हणेल, म्हणजे देवाच्याही हातात काही नाही असं म्हणायचंय का तुला? ते मला सांगता येत नाही रे. मी सिस्टर आहे, कीर्तनकार नाही.)

आमच्या एक सिनियर सिस्टर होत्या, केरळच्या. आमच्या पिढीत प्रत्येक हॉस्पिटलात अशा एक-दोन असायच्याच, घर हजारो किलोमीटर लांब, मराठी मोडकी, शिस्त लोखंडी. ड्युटीवर येताना औषधांच्या कपाटाशी क्षणभर डोळे मिटायच्या, बस. एकदा एक नवी मुलगी पेशंट गेल्यावर कोपऱ्यात हात जोडून रडत उभी होती तर तिला म्हणाल्या, "प्रार्थना मन में करो, हात मोकळा ठेवो." मला तेव्हा कोरडं वाटलं होतं ते. पण त्याच सिस्टर गेलेल्या लेकराचं अंग पुसताना जिवंत असल्यासारख्या बोलायच्या त्याच्याशी, आता हात उचलते हां, आता कूस बदलते हां. कोणी पाहून राहिलं आहे की नाही याचा काही संबंध नव्हता. म्हणजे त्यांच्या हिशेबी कोणीतरी पाहून राहिलं होतंच, ते वेगळं.

आता मावशीचं सांगते, नाहीतर हे सगळं फार गोडगोड होईल. आमच्या वॉर्डातली मावशी, म्हणजे अटेंडंट, देव मानत नव्हती. म्हणजे नुसतं मानत नव्हती असं नाही, स्वच्छ नि ठाम नाही. नागपूरचीच ती. १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा दिली तेव्हा तिचे वडील त्या गर्दीत होते, आणि बावीस प्रतिज्ञा तिला शाळेतल्या पाढ्यांसारख्या पाठ. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला ती सुट्टी मागायची आणि सुट्टीत काय करायची, तर तिथं बाहेरगावहून आलेल्या लोकांना दिवसभर पाणी द्यायची. परत ड्युटीवर आली की पाय सुजलेले. मी म्हणायची, अगं तू सुट्टी घेते की डबल ड्युटी करते?

पेशंट बेडवर असताना चादर बदलायची तर दोघं लागतात. एकानं पेशंटला आपल्याकडे कूस करून धरायचं, दुसऱ्यानं मागून घाण चादर गुंडाळत आणायची नि नवी सरकवायची, मग उलटं. एकट्यानं होत नाही, आणि केलं तर एक तर पेशंटला दुखतं किंवा आपली कंबर जाते. तर असंच एकदा करताना मी काहीतरी पुटपुटली असेल, देवा रे वगैरे, तर मावशी म्हणाली, "तुमचा देव हाय नं सोबत चोवीस घंटे? मंग त्याले म्हना ये, एक टोक पकड चादरीचं. आपली कंबर तरी वाचन."

मला हसू आलं. म्हटलं अगं, तो करतो असली कामं. आणि तिला जनाबाईची गोष्ट सांगितली. नामदेवांच्या घरची दासी, गंगाखेडची पोर, दळण-कांडण-सारवण सगळं तिच्याच माथी, आणि विठ्ठल येऊन तिच्याबरोबर जातं ओढायचा, शेण्या वेचायचा. गोष्टीत एक गंमत अशी आहे की विठ्ठल तिचं दळण संपवत नाही. देवच आहे, एका फुंकरीत पायलीभर पीठ करू शकला असता, तिला दासीपणातून सोडवू शकला असता. तसं काही करत नाही. समोर बसतो, खुंट्याला हात लावतो, नि दोघं मिळून दळतात. नाथांच्या घरीही तसंच, पैठणला श्रीखंड्या होऊन बारा वर्षं कावडीनं पाणी भरलं म्हणतात. आमच्या मराठी देवाला चमत्कारापेक्षा घरकाम जास्त जमतं असं दिसतं.

मावशीनं सगळं ऐकून घेतलं, चादरीची घडी कोपऱ्यात घट्ट खोचली आणि म्हणाली, "म्हंजे दुसरं टोक जो पकडन तो देव. मंग तो तर मीच झाली की वो बाई. पगार वाढवा म्हना." आणि बादली घेऊन निघून गेली.

याच्यावर मला अजूनही उत्तर सापडलेलं नाही, आणि शोधायची घाईही नाही.

पण मावशी एवढ्यावर सोडणारी नव्हती. दोन-तीन दिवसांनी तिनं चोखोबांचं काढलं. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत बांधायला महारांना वेठीला धरलं, ती भिंत पडली, १३३८ सालची गोष्ट, चोखामेळा त्याखाली गेले. नामदेव हाडं शोधायला आले तर ज्या हाडांतून विठ्ठल विठ्ठल ऐकू आलं ती चोखोबांची, असं आपण लहानपणापासून ऐकतो आणि डोळे पुसतो. मावशी म्हणाली, "हाडात बसला होता तुमचा इठ्ठल, तं भित पडतानी कुटं गेल्ता? अन् मेल्यावर बी पायरीपाशीच ठेवलं त्याईले. आत नाई नेलं." महाद्वारासमोरची ती समाधी मी पाहिलेली आहे, नामदेव पायरीपाशी वाकून पुढं गेलेली आहे, आणि इतक्या वेळा वारकऱ्यांच्या गर्दीत उभी राहून हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. मी तिला म्हटलं, तू बरोबर आहेस. भिंत माणसांनी बांधून घेतली, पायरीशी माणसांनी अडवलं, याचं खापर नुसतं देवावर फोडून माणसं सुटू नयेत एवढंच मला वाटतं. ती म्हणाली, "ते तं हायच."

तेव्हापासून मला एक खटकतं. देव सोबत आहे हे वाक्य जो स्वतः भिंतीखाली आहे त्यानं म्हटलं तर त्याला वजन आहे. भिंतीच्या बाहेर उभ्या असलेल्यानं ते दुसऱ्याला ऐकवू नये. म्हणून वॉर्डात कोणत्याही आईला "देव आहे पाठीशी" असं मी स्वतःहून कधी म्हटलं नाही. ती म्हणाली तर हो म्हणायची. नाहीतर पाण्याचा ग्लास द्यायची नि विचारायची, जेवली का.

गाडगेबाबांची एक गोष्टही मला पचत नाही, लिहूनच टाकते, रागावू नका. मुलगा गेल्याची बातमी कीर्तन चालू असताना आली नि बाबांनी कीर्तन थांबवलं नाही, असं सांगतात. लोक हे फार कौतुकानं सांगतात. मी आई आहे, मला त्या मुलाच्या आईचं काय झालं असेल हेच आधी दिसतं. पण त्याच गाडगेबाबांनी कीर्तनात मिळालेल्या पै-पैशातून धर्मशाळा बांधल्या, लोकांना निजायला छप्पर दिलं, आणि स्वतः झाडू घेऊन रस्त्यावर राहिले. हे वाचलं की वाटतं, हॉस्पिटलच्या फाटकाबाहेर झाडाखाली चूल मांडून बसलेल्या नातेवाईकांचं दुःख ज्याला कळलं त्याला बाकी सगळं माफ. आमच्या अमरावतीकडचा माणूस तो. बाबासाहेब गेले ६ डिसेंबर १९५६ ला, आणि गाडगेबाबा २० डिसेंबरला, चौदा दिवसांनी. मावशीच्या घरी दोघांचेही फोटो होते, शेजारी शेजारी.

२०२१ चा एप्रिल, कोरोनाची दुसरी लाट, सगळ्यांनाच आठवतो, त्यावर फार लिहीत नाही. नागपुरात तेव्हा काय चाललं होतं ते ज्यांनी पाहिलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगून कळणार नाही. पीपीई घातला की अर्ध्या तासात बुटात पाणी, आमचं स्वतःचंच. पाठीवर मार्करनं नाव लिहायचं कारण चेहरा कोणाचाच दिसत नाही. मला सारखी ती पोरगी आठवायची, दिसत राहा म्हणाली होती, आणि इथं पेशंटला माझं काय दिसत असेल तर चष्म्यावरची वाफ. २३ एप्रिलला विशाखापट्टणमहून पहिली ऑक्सिजन एक्सप्रेस नागपूर स्टेशनात आली, तीन टँकर इथं उतरवले नि बाकीचे नाशिकला गेले. त्या रात्री आमच्याकडे कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, एकजण नुसता म्हणाला, आली. मी कित्येक रात्री एकही स्तोत्र पूर्ण म्हणू शकली नाही, मधेच विसरायची, कारण डोक्यात कोणत्या बेडचं सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातला ऑक्सिजन, किती हेच फिरायचं. शेवटी सोडून दिलं. म्हटलं मला आठवत नसेल तरी त्याला पाठ आहे. तुकोबांचा तो सांगाती आपण म्हणतो नं, हाताला धरून चालवणारा, तर हात धरून ठेवायचं काम त्याचं, माझे दोन्ही हात कामात आहेत. हे मी चिडून म्हटलं होतं, भक्तीनं नाही. पण म्हटल्यावर इतकं हलकं वाटलं की त्यानंतरची ड्युटी मी सरळ त्याच्यावर टाकून केली. बळ म्हणजे अंगात काही वीज वगैरे संचारली असं नाही झालं. एवढंच झालं की पुढच्या बेडपर्यंत जाता यायचं, आणि तिथं गेल्यावर त्याच्या पुढच्या.

खरी परीक्षा घरी झाली, हॉस्पिटलात नाही. ह्यांना लकवा झाला, डावी बाजू. आता मला वाटलं होतं, आपण तर सिस्टर, आपल्याला काय, जन्म यातच गेला. चार दिवसांत कळलं की दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. ड्युटीवर आठ तास झाले की दुसरी सिस्टर येते, तुम्ही तिला हँडओव्हर देता, बेड एक असा आहे, बेड दोनला अँटिबायोटिक द्यायचं आहे, आणि पर्स उचलून निघता. घरी हँडओव्हर नाही. घरी युनिफॉर्म नाही, सिस्टर म्हणून कोणी हाक मारत नाही, थँक्यू कोणी म्हणत नाही, आणि पेशंट तुमच्यावर चिडतो कारण त्याला चिडायला दुसरं कोणी उरलेलं नाही. ह्यांचा आवाज अर्धा गेला होता पण राग पूर्ण शिल्लक होता. मुलगा पुण्याला, तो महिन्यातून येऊन जायचा नि आल्यावर मला सांगायचा आई तू स्वतःकडे पण लक्ष दे. पोरांना ही वाक्यं कुठून सुचतात देव जाणे.

त्या काळात मी मंदिरात गेली नाही. जायला वेळच नव्हता. घरातल्या देवांना फूल कधी मिळायचं कधी नाही. आणि कमाल म्हणजे, तेव्हा मला त्याची सोबत जितकी जाणवली तितकी टेकडीवरही कधी जाणवली नव्हती. कशी जाणवली ते नीट सांगता येत नाही, प्रयत्न करते. रात्री दोन-दोन तासांनी ह्यांना कूस द्यावी लागायची, पाठीला जखम होऊ नये म्हणून. अलार्म लावायची. पण अलार्मच्या आधीच जाग यायची, आणि उठताना वाटायचं की खोलीत मी एकटी जागी नाही. भास असेल. मेंदूचा डॉक्टर म्हणेल झोप कमी झाली की होतं असं. होत असेल. पण त्या जागेपणाच्या आधारानं मी ह्यांना उचलायची, आणि ऐंशी किलोचा माणूस कुशीवर वळवताना दुसऱ्या बाजूला कोणी नसायचं, तरी वळायचे ते. टेक्निक असते त्याची, गुडघा वाकवून, खांद्याला धरून, मला येते ती. तरीही.

मावशी एकदा घरी आली होती ह्यांना पाहायला. तिनं काही बोलायच्या आधीच साडीचा पदर खोचला, म्हणाली उठा बाई, चादर बदलू. आम्ही दोघींनी बदलली. जाताना दारात म्हणाली, "आलता का नाई तुमचा चादर पकडनारा?" मी म्हटलं आत्ताच येऊन गेला. "मंग चहा तं पाजा त्याले," म्हणाली आणि परत येऊन बसली.

ह्यांचं आता बरं आहे, काठी घेऊन चालतात, समोरच्या बागेत जाऊन राजकारणावर भांडून येतात, म्हणजे बरंच आहे. बाबांचा तो गारपिटीच्या संध्याकाळचा दिवा मला आत्ता आत्ता कळायला लागला. तो नवसाचा नव्हता. घरात कोणी असलं की आपण लाइट लावतो, तसा होता.

मागच्या आठवड्यात त्या गडचिरोलीच्या पोरीचा फोन आला. तेवीस-चोवीसची झाली असेल. सिकलसेलची रोजची हायड्रॉक्सियुरियाची गोळी नेमानं घेते, क्रायसिस वर्षातून एखादा, अंगणवाडीत मदतनीस म्हणून लागली. लग्नाचं पाहून राहिले म्हणाली. मी अभिनंदन वगैरे काही म्हटलं नाही, पहिलं विचारलं, त्याची टेस्ट झाली का? हसली. म्हणाली, "सिस्टर, तुमी अजून तशाच." त्याचं रक्त इलेक्ट्रोफोरेसिसला, म्हणजे सिकलसेलच्या तपासणीला, दिलंय, रिपोर्ट यायचाय. मुलगा 'एए', म्हणजे वाहकही नाही असा, निघाला तर हिची सगळी लेकरं वाहक होतील पण आजारी कोणीच होणार नाही. 'एएस' निघाला तर दर बाळंतपणाला बाळ आजारी निघायची निम्मी शक्यता, आणि मग काय ते ठरवणं तिच्या हातात, तिनं ते चार गोल लहानपणीच पाठ केलेत. फोन ठेवल्यावर मला टेकडीला नारळ बोलायचा मोह झाला, अगदी तोंडावर आला होता, बाबांचीच मुलगी शेवटी मी. नाही बोलली. तिला मेसेज टाकला की रिपोर्ट काहीही येवो, घेऊन दोघंही घरी या, एकटीनं उघडू नको.

तिचा लगेच उलट मेसेज आला, तर्री-पोहे करसाल का.